न विचारता दिलेली मुलगी

दलदलीत हनुवटीपर्यंत रुतलेला एक तरुण जीव वाचवण्यासाठी एकेक वस्तू देऊ करतो. आधी धनुष्य, मग होडी, मग घोडा, मग सोनं-चांदी, मग शेतातलं पीक. समोरचा म्हातारा कशालाच बधत नाही. दोघांमध्ये गाण्याची चढाओढ लागली होती, आणि म्हाताऱ्याच्या गाण्यातल्या मंत्रसामर्थ्यानंच हा पोरगा चिखलात गेला आहे. शेवटी त्याच्या तोंडून निघतं, बहीण देतो. म्हातारा लगेच खूश होतो आणि गाणं उलटं गाऊन त्याला बाहेर काढतो. तरुण रडतरडत घरी जाऊन आईला झालेला प्रकार सांगतो. आई मात्र आनंदानं हात चोळू लागते. एवढा थोर गायक, एवढा जाणता माणूस जावई म्हणून यावा, हे तर ती कधीपासून मनात धरून होती! ज्या मुलीचा सौदा झाला ती पायरीवर बसून रडते. एक दिवस रडते, दुसऱ्या दिवशीही रडते. तिला कुणी काही विचारलेलं नाही.

फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यातला हा तिसरा सर्ग. म्हातारा म्हणजे वाइनामोइनेन, तरुण योउकाहाइनेन आणि बहीण आयनो. चौथा सर्ग सगळा तिचा आहे. जंगलात म्हातारा तिला गाठतो आणि म्हणतो, हे मणी, ही फीत, हा साज यापुढे माझ्यासाठी घाल, दुसऱ्या कुणासाठी नको. ती गळ्यातलं, बोटातलं सगळं ओरबाडून जमिनीवर फेकते आणि घरी पळते. बापाला, भावाला, बहिणीला काहीबाही कारणं सांगते; खरं काय ते फक्त आईला सांगते. आई म्हणते, रडू नकोस, लोणी खा, टेकाडावरच्या कोठारात जा, पेटीतले ठेवणीतले कपडे काढ आणि नटून ये. मुलगी कोठारात जाते, नटते आणि घरी येण्याऐवजी चालत चालत समुद्रावर पोचते. तिथे कपडे काढून ठेवते, पोहत एका खडकावर जाऊन बसते. खडक तिच्यासकट तळाशी जातो.

पुढच्या सर्गात वाइनामोइनेनच्या गळाला एक अनोळखी मासा लागतो. तो सुरी काढतो, मासा हातातून निसटतो आणि पाण्यातून डोकं वर काढून त्याला वेडावतो: मी तुझी भाजी व्हायला आले नव्हते, तुझ्याजवळ राहायला आले होते, तुला ओळखता आलं नाही. हा मासा म्हणजे आयनोच. मला या सगळ्या काव्यात ही जागा सगळ्यात आवडते. जिवंतपणी या मुलीनं दुसऱ्यांच्या निर्णयांवर फक्त अश्रू ढाळले. मेल्यावर मात्र तिला टोमणा मारता येतो.

आज फिनलंड आणि एस्टोनियात हजारो बायकांचं नाव आयनो आहे. आई-बापांनी आपल्या लेकींना बुडून मेलेल्या मुलीचं नाव हौसेनं कसं ठेवलं, याचं उत्तर काव्यात कमी आणि काव्याबाहेरच्या इतिहासात जास्त सापडतं.

मुळात ही आयनो लोकांच्या गाण्यांत नव्हतीच. एलियास ल्योनरोत हा १८०२ साली सम्माती गावी जन्मलेला शिंप्याचा मुलगा. तो डॉक्टर झाला आणि १८३३ पासून कायानी या उत्तरेकडच्या आडबाजूच्या गावी जिल्ह्याचा वैद्यकीय अधिकारी म्हणून राहिला. तिथून पूर्वेला करेलियाच्या खेड्यांत जाऊन तो पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेली गाणी उतरवून घेत असे. त्यांतून त्यानं १८३५ मध्ये 'कालेवाला' छापला आणि १८४९ मध्ये त्याची जवळजवळ दुप्पट मोठी आवृत्ती काढली: पन्नास सर्ग, २२,७९५ ओळी. आज वाचला जातो तो हाच ग्रंथ. पहिल्या, १८३५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेची तारीख २८ फेब्रुवारी, म्हणून फिनलंडमध्ये हा दिवस झेंडा लावून 'कालेवाला दिन' म्हणून पाळतात. आपला मराठी भाषा गौरव दिन आदल्याच दिवशी येतो. हा योगायोगच, पण दोन्हीकडे भाषेचा उत्सव एका लेखकाच्या तारखेवर बेतलेला आहे.

करेलियाच्या बायका एक गाणं म्हणत. जंगलात झाडाच्या डहाळ्या तोडायला गेलेल्या मुलीला एक पुरुष भेटतो, माझ्यासाठी मोठी हो म्हणतो. ती रडत घरी येते. आई तिला कोठारात जाऊन नटायला सांगते. मुलगी कोठारात जाते आणि तिथेच गळफास घेते. या मुलीचं नाव बहुधा अन्नी असे. गाण्यात तिला लाडानं 'आयनो' म्हटलेलं असे, म्हणजे एकुलती एक. एकुलती एक मुलगी, एकुलती एक बहीण. ते विशेषण होतं, नाव नव्हतं. दुसरं एक गाणं पाण्याच्या दैवताची, वेल्लामोची, मुलगी मासा होऊन गळाला लागते त्याचं. ल्योनरोतनं ही दोन्ही गाणी एकत्र शिवली, गळफास काढून त्या जागी समुद्र आणला, आणि विशेषणाला मोठं अक्षर देऊन त्याचं नाव केलं. बापाच्या धंद्यातली शिलाई पोराच्या कामी अशी आली म्हणायची.

शिवण मात्र पूर्ण झाकली गेलेली नाही. समुद्रातच बुडायचं तर मुलीनं आधी कोठारात जाऊन पेटी उघडायची, कमरपट्टे काढायचे, अंगभर नटायचं कशाला? जुन्या गाण्यात त्या कमरपट्ट्याला काम होतं. नव्या काव्यात तो फक्त सुंदर दिसतो. मरणही ल्योनरोतनं मोघम ठेवलं. खडक आपोआप बुडाला की ती मरायलाच गेली होती, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांतल्या सासुरवाशिणीचं दुःख कुणा पंडितानं गोळा करून त्यातून एक नायिका उभी करावी, तिला नाव द्यावं, आणि मूळ ओव्या गाणाऱ्या बायांची नावं तळटिपेत जावीत, तसं काहीसं हे झालं. तरी ल्योनरोतवर रागावणं मला जमत नाही. त्यानं आईच्या तोंडचा पश्चात्ताप गाळला नाही, उलट तो विस्तारानं मांडला. मुलीची बातमी ससा घेऊन येतो तेव्हा आई रडते. तिच्या अश्रूंच्या तीन नद्या होतात, नद्यांना धबधबे, धबधब्यांत खडक, खडकांवर भूर्ज, भूर्जांवर कोकिळा. रडता रडता ती इतर आयांना बजावते की मनाविरुद्ध लेकी कुणाला देऊ नका. १८४९ साली छापलेल्या 'राष्ट्रीय' ग्रंथातलं हे वाक्य आहे.

त्या काळचं फिनलंड रशियन झारच्या ताब्यात होतं, पण कचेरी, कॉलेज आणि चर्चची वही चालायची स्वीडिशमध्ये. घरी मत्ती असलेला मुलगा पाद्र्याच्या नोंदीत मत्स व्हायचा, लीसाची एलिसाबेत व्हायची. म्हणजे माणसाला दोन नावं असत, एक चुलीपाशी, एक कागदावर. १८६३ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरनं वटहुकूम काढून फिनिश भाषेला वीस वर्षांत स्वीडिशच्या बरोबरीचा दर्जा द्यायचं ठरवलं; त्यामागे योहान विल्हेल्म स्नेलमान या विचारवंताची खटपट होती. फिनिशचा कैवार घेणारे हे लोक बरेचसे स्वतः स्वीडिश बोलणाऱ्या घरांतले होते. भाषा बदलायची तर ती घरात बदलली पाहिजे, म्हणून त्यांनी मुलांची नावं फिनिश ठेवायला सुरुवात केली. पण फिनिश नावं आणायची कुठून? जी होती ती संतांचीच, फिनिश जिभेवर घोळवलेली. मग शब्दकोश आणि 'कालेवाला' उघडले गेले. तोइवो म्हणजे आशा, राउहा म्हणजे शांती, हेल्मी म्हणजे मोती, लेम्पी म्हणजे प्रेम. आणि आयनो. पुढे १९०६ मध्ये स्नेलमानच्या जन्मशताब्दीला, १२ मे रोजी, हजारो कुटुंबांनी एकाच दिवशी आपली स्वीडिश आडनावं टाकून फिनिश आडनावं घेतली. बारशातून सुरू झालेली गोष्ट अशी आडनावापर्यंत गेली.

तेव्हा एकोणिसाव्या शतकात मुलीचं नाव आयनो ठेवणाऱ्याला बुडालेली पोर आठवत नसावी. ते नाव ठेवणं म्हणजे दारावर पाटी लावणं होतं: या घरात फिनिश बोलतात. आक्सेली गाल्लेन-काल्लेलाच्या तीन भागांच्या चित्रानं (पहिलं रूप १८८९, पॅरिसमध्ये, दुसरं १८९१, आज हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात) तिला चेहरा दिला. मधल्या भागात होडीतून झुकलेला म्हातारा आणि त्याच्या हातातून उसळून निसटणारी आयनो, डावीकडे जंगलातली भेट, उजवीकडे किनारा. त्याच्याआधी योहान्नेस ताकानेननं तिचा पुतळा केला होता, रोबेर्ट कायानुसनं तिच्यावर संगीतरचना केली होती. पण चित्रांतल्या आयनोपेक्षा ते नाव घेऊन जगलेल्या बायका मला अधिक बोलक्या वाटतात.

त्यांतली पहिली आयनो यार्नेफेल्ट, जन्म १८७१. बाप सेनापती आणि फिनिशचा कट्टर पुरस्कर्ता. आई एलिसाबेथ पीटर्सबर्गच्या बाल्टिक-जर्मन सरदार घराण्यातली. तिनं फिनिश शिकून घेतली आणि तिच्या दिवाणखान्यात तरुण लेखकांची बैठक जमू लागली. त्या बैठकीतला युहानी आहो हा लेखक घरच्या मुलीच्या प्रेमात पडला. तो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मुलीचा कल दुसरीकडे होता, तर या गृहस्थानं १८९० मध्ये 'युक्सिन', म्हणजे 'एकटा', नावाची कादंबरीच छापली, आणि तिच्यातली मुलगी कोण हे सगळ्या हेलसिंकीला कळलं. मुलीचा वाग्दत्त वर तेव्हा व्हिएन्नात शिकत होता. कादंबरी वाचून तो द्वंद्वयुद्धाच्या गोष्टी करू लागला. ते झालं नाही. त्या वराचं नाव जान सिबेलियस. १८९२ मध्ये त्यांचं लग्न झालं. या आयनोला तिच्या मनाविरुद्ध कुणी दिलं नाही, एवढं खरं.

सिबेलियस स्वीडिश घरातला. फिनिश तो शाळेत शिकला. आयनो त्याला पत्रं फिनिशमध्ये लिही. १९०४ मध्ये यार्वेनपाच्या जंगलाजवळ लार्स सोंकनं आखलेल्या लाकडी घरात ते राहायला गेले. घराचं नाव 'आयनोला'. मराठी कानाला ही चतुर्थी वाटेल, पण फिनिशमध्ये 'ला' म्हणजे राहण्याचं ठिकाण. 'कालेवाला'तला 'ला'ही तोच. नवरा कर्जात आणि दारूत बुडालेला, सहा मुलींपैकी एक लहानपणीच गेलेली. १९०७ मध्ये ती थकून ह्यूविंकाच्या आरोग्यधामात जाऊन राहिली. बाकीची वर्षं तिनं बाग फुलवली, भाज्या पिकवल्या, मुलींना घरी शिकवलं आणि घर गप्प ठेवलं. सिबेलियस असेपर्यंत घरात नळ आले नाहीत, कारण पाइपातल्या पाण्याचा आवाज त्याला चालत नसे. तीसेक वर्षं जगानं वाट पाहिलेल्या आठव्या सिंफनीचे कागद त्यानं १९४० च्या दशकात याच घरात जाळले. ही गोष्ट जगाला सांगितली ती आयनोनं. १९५७ मध्ये तो गेला. ती आणखी बारा वर्षं, सत्त्याण्णवाव्या वर्षापर्यंत, तिथेच राहिली. आता ते घर संग्रहालय आहे. लोक सिबेलियससाठी येतात आणि पाटीवर नाव तिचं वाचतात.

आयनो आक्ते, जन्म १८७६, हिचा स्वभाव नेमका उलटा. आई गायिका. मुलगी १८९७ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात 'फाउस्ट'मधली मार्गरेट म्हणून उभी राहिली आणि १९१० मध्ये लंडनला तिनं 'सलोमे' गायली, सात ओढण्यांचा नाचही स्वतःच केला. सिबेलियसनं 'लुओन्नोतार' ही रचना तिच्यासाठी लिहिली. १९१२ मध्ये सावोनलिन्नाच्या सरोवरातल्या मध्ययुगीन किल्ल्यात तिनं ऑपेरा महोत्सव सुरू केला, आणि तिथे एर्क्की मेलार्तिनची 'आयनो' ही ऑपेरा झाली. तो महोत्सव आजही भरतो.

आयनो आल्तो, माहेरची मार्सिओ, वास्तुविशारद. १९२४ मध्ये ती आल्वार आल्तोच्या कार्यालयात लागली आणि त्याच वर्षी त्याच्याशी लग्न केलं. १९३२ मध्ये तिनं कडेकडेनं वलयं असलेले दाबाच्या काचेचे साधे पेले आखले. १९३६ च्या मिलान प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आर्तेक या फर्निचर कंपनीची ती पुढे व्यवस्थापकीय संचालक झाली. १९४९ मध्ये ती गेली तेव्हा जेमतेम चोपन्न वर्षांची होती. वास्तुकलेच्या पुस्तकांत नाव बहुतेक वेळा एकट्या आल्वारचं येतं. तिचे पेले अजून बनतात आणि फिनिश घरांत रोजच्या पाण्याला वापरले जातात.

एस्टोनियाची वाट मात्र आयनो काल्लासवरून जाते, आणि इथे जरा थांबायला हवं. १८७८ चा जन्म, माहेरचं आडनाव क्रोन. घर मुळात जर्मन बोलणारं. बाप युलिउस क्रोन 'कालेवाला'चा मोठा अभ्यासक, फिनिशसाठी घरची भाषा बदललेला माणूस. मुलीचं नाव आयनो ठेवणारा हा विद्वान १८८८ मध्ये विपुरीच्या खाडीत शिडाची होडी उलटून बुडून मेला. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. १९०० मध्ये तिनं ओस्कार काल्लास या एस्टोनियन लोकसाहित्य-अभ्यासकाशी लग्न केलं, पुढे तार्तूला राहायला गेली. स्वतंत्र एस्टोनिया झाल्यावर नवरा हेलसिंकीत आणि मग १९२२ ते १९३४ लंडनमध्ये राजदूत होता. लंडनच्या मेजवान्या आटोपून तिनं जुन्या वळणाच्या फिनिशमध्ये, जणू सतराव्या शतकातल्या कारकुनानं लिहिल्यासारख्या, एस्टोनियाच्या कथा लिहिल्या.

१९२३ च्या 'बार्बारा फॉन तीसेनहुसेन'मध्ये सोळाव्या शतकातली एक सरदारकन्या साध्या कारकुनावर प्रेम करते, म्हणून तिचे सख्खे भाऊ गोठलेल्या तळ्यात भोक पाडून तिला बुडवतात. १९२८ च्या 'सुदेनमोर्सियान'मध्ये, म्हणजे 'लांडग्याची नवरी'त, हिऊमा बेटावरच्या वनरक्षकाची बायको आलो रात्री लांडगी होऊन रानात धावते. भावांच्या इभ्रतीसाठी पाण्यात गेलेली मुलगी आणि माणसांतून निसटून प्राण्याच्या रूपात मोकळी झालेली बाई. चौथा सर्ग पाठ असलेल्या घरातल्या आयनोनं या दोन गोष्टी लिहाव्यात, यात मला योगायोग दिसत नाही. १९४४ मध्ये रशियन फौजा आल्यावर ते दोघे स्वीडनला पळाले. नवरा तिथेच वारला, ती १९५३ मध्ये फिनलंडला परतली आणि तीन वर्षांनी गेली. एदुआर्ट तुबिन हा संगीतकारही असाच स्वीडनला गेलेला. त्याची 'बार्बारा' ही ऑपेरा १९६९ मध्ये सोव्हिएत तालिनमध्ये झाली. संहिता यान क्रोसची.

एस्टोनियन भाषा फिनिशची सख्खी बहीण, तेव्हा 'आयनो' तिथे परकं वाटलं नाही. त्यांच्याकडे एकुलत्या एकाला 'आयनुस' म्हणतात. पण एस्टोनियनांपाशी स्वतःच्याही नायिका होत्या. फ्रीडरिश क्रॉइत्सवाल्ड, हाही डॉक्टरच, त्यानं १८५७ ते १८६१ दरम्यान 'कालेविपोएग' हे महाकाव्य छापलं. त्यात एका विधवेला वाटेत कोंबडीचं पिल्लू आणि रानकोंबडीचं अंडं सापडतं. पिल्लाची साल्मे होते, अंड्यातून लिंडा निघते. साल्मेला मागणी घालायला चंद्र येतो, सूर्य येतो. दोघांनाही ती नाही म्हणते आणि ताऱ्याशी लग्न करते. लिंडाही चंद्र-सूर्य परतवून लावून कालेव निवडते. फिनलंडच्या कथेत मुलीला कुणी विचारलं नाही आणि ती बुडाली. एस्टोनियाच्या कथेत वर रांगेनं दारात येतात आणि मुलगी निवडते. ही दोन्ही नावं तिथे घराघरांत गेली, साल्मे तर फिनलंडमध्येही पोचली. लिंडाचं पुढे भलं झालं असं मात्र नाही: कालेव मरतो, आणि एक मांत्रिक तिला पळवायला येतो. तो मांत्रिक फिनलंडचा असतो, ही शेजाऱ्याला दिलेली कोपरखळी मला फार आवडते. तालिनची तोम्पेआ टेकडी म्हणजे तिनं दगड वाहून नवऱ्यावर रचलेली समाधी आणि उलेमिस्ते तलाव म्हणजे तिचे अश्रू, असं तिथे सांगतात. टेकडीच्या उतारावर आउगुस्त वाइत्सेनबेर्गनं घडवलेली शोकमग्न लिंडा १९२० पासून बसलेली आहे. १९४१ आणि १९४९ मध्ये हजारो माणसं सैबेरियाला नेली गेली. त्यांच्यासाठी उघडपणे रडायची बंदी होती, तेव्हा लोक या पुतळ्यापाशी फुलं ठेवून जात.

फिनलंडमधल्या आयनोचं पुढे काय झालं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मुलींच्या सर्वांत आवडत्या नावांत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते ओसरलं आणि आजीचं नाव झालं. इतकं की रबराचा तळ आणि लोकरी चौकडीचं कापड असलेल्या घरातल्या सपाता तिथे 'रेइनो' आणि 'आयनो' या नावांनी विकल्या जातात: आजोबांच्या रेइनो, आजीच्या आयनो. नावाला याहून म्हातारपण काय यायचं! पण एरो किविनिएमी या नाव-अभ्यासकानं दाखवून दिलंय की फिनिश नावं शंभरेक वर्षांच्या फेऱ्यानं परततात. आईचं नाव जुनाट वाटतं, आजीचं त्याहून जुनाट, पणजीचं मात्र गोड. एकविसावं शतक लागता लागता आयनो पुन्हा बालवाड्यांत ऐकू येऊ लागली आणि मुलींच्या पहिल्या काही नावांत जाऊन बसली. फिनिश पंचांगात प्रत्येक नावाला एक दिवस असतो. आयनोचा दिवस १० मे. मातृदिन तिथे मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतो. २०२० मध्ये दोन्ही एकाच दिवशी आले, २०२६ मध्येही येतात.

पणजीच्या पिढीत हे नाव स्वीडिशला उत्तर म्हणून ठेवलं जात होतं. आजच्या पालकांना त्याची दुसरीच सोय असावी. त्यात डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं नाहीत, ते चार रोमन अक्षरांत संपतं आणि इंग्रजी कीबोर्डवर, विमानाच्या तिकिटावर, परदेशी विद्यापीठाच्या अर्जावर जसंच्या तसं बसतं. अडचण एवढीच की शेवटी 'ओ' पाहून बाहेरची माणसं ते पुरुषाचं समजतात, आणि आयनोच्या नावे येणाऱ्या पत्रांवर अधूनमधून 'श्रीयुत' लिहिलेलं असतं.